सहा हौद आणि एक होडी

काम चालू असताना त्याचे किस्से कुणी सांगत नाही. तेव्हा हात ओले असतात आणि डोकं दुसरीकडे. काम बंद पडलं, दाराला कुलूप लागलं, की मग ते एकेक करून वर यायला लागतात. आमचं काम बंद पडून आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझ्याकडे साठा मोठा आहे. संध्याकाळी भाट्याच्या पुलाकडे आम्ही चार म्हातारे बसतो. तिथे मी बोलतो कमी. पण कुणी म्हटलं, "विष्णू, तुझ्या शेवाळाचं सांग," की मग मला थांबवावं लागतं.

नवीन माणसासाठी आधी एवढं सांगतो. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका संशोधन केंद्राने खाडीच्या अलीकडे सिमेंटचे सहा उथळ हौद बांधले. त्यांत हिरवं पाणी. त्या हिरव्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. ते ऊन प्यायचे, कार्बन डायऑक्साइड खायचे आणि अंगात थोडं थोडं तेल धरायचे. ते हिरवं गाळायचं, वाळवायचं, त्यातलं तेल काढायचं आणि त्यावर इंजिन चालवायचं, असा प्रकल्प. मुदत तीन वर्षांची. प्रमुख होत्या नसरीन मॅडम. रत्नागिरीच्याच, एका तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची मुलगी. मोठं शिक्षण घेऊन परत गावात आलेली. आणि त्यांच्या हाताखाली मी. शिक्षण सातवी, तीही नापास.

*

मला कामावर घेतलं तो किस्सा आधी.

मी त्याआधी एका आंब्याच्या बागेत राखणीला होतो. मुलाखत म्हणून गेलो तर मॅडमनी टेबलावर आंब्याची चार पानं मांडलेली.

"काका, यातलं सगळ्यात म्हातारं कोणतं?"

मी म्हटलं, "हे कोवळं, हे दोन महिन्यांचं, हे गेल्या वर्षीचं. चौथं म्हातारं नाही, आजारी आहे."

"आजारी कशावरून?"

"म्हातारं पान सगळीकडून पिवळं होतं. हे एकाच बाजूने झालंय."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "उद्यापासून या."

"पण काम काय?"

"पाण्याकडे बघायचं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भात वाढत होती. म्हणाली, "अगोबाई, ते तर तुम्ही इतकी वर्षं फुकट करत होतात!"

*

पाण्याचा रंग मोजायचं एक यंत्र होतं. पण लाइट गेली की ते बंद, आणि आमच्याकडे लाइट कधी असायची ते विचारू नका. म्हणून मॅडमनी पद्धत पाडली. सकाळी सात वाजता मी एकेका हौदावर वाकायचं आणि रंग सांगायचा. त्या वहीत लिहायच्या.

"एक नंबर?"

"कोवळी कैरी."

"दोन?"

"केळीचं पान. पावसातलं."

"चार?"

"फणसाचं पान. मॅडम, याला खायला कमी पडतंय."

सहा महिन्यांनी पुण्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. वही उघडली आणि चष्मा काढून पुसला. "हौद क्रमांक चार, फणसाचं पान... हे काय आहे?"

मॅडमनी शांतपणे दुसरा कागद पुढे ठेवला. एका बाजूला यंत्राचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझे शब्द. दोन्ही जुळत होते. कैरीच्या पुढे नेहमी तोच आकडा, फणसाच्या पुढे तोच.

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "यांचं कॅलिब्रेशन कधी केलंत?"

मला शब्द कळला नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, म्हणजे माणूस चुकतोय का ते तपासून त्याला सरळ करणं."

"ते घरी रोज होतं, साहेब!"

*

त्या जिवांना कार्बन डायऑक्साइड वरून द्यावा लागे. तो सिलिंडरमध्ये मिळतो. रत्नागिरीत तो कुणाकडे? सोडावॉटरवाल्याकडे! हसनभाई बाजारात सोडा बनवायचे. ते आठवड्यातून एकदा रिक्षात सिलिंडर आडवा घालून स्वतः यायचे. नळी हौदात सोडली की पाण्यातून बुडबुडे निघायचे. हसनभाई काठावर उकिडवे बसून बघत राहायचे.

एकदा म्हणाले, "मॅडम, माझा सोडा पिऊन माणूस ढेकर देतो. तुमच्या पोरांना येते का ढेकर?"

"येते की, हसनभाई. ते हवा सोडतात. तीच आपण श्वासात घेतो."

हसनभाई विचारात पडले. मग छाती भरून एक मोठा श्वास घेतला आणि आजूबाजूला बघत म्हणाले, "म्हणजे ही निम्मी माझी!"

तेव्हापासून आले की आधी गेटात उभं राहून श्वास घ्यायचे. मला म्हणायचे, "विष्णू, आजचा माल चांगला आहे."

*

शेजारच्या वाडीतल्या शांतीवहिनींची म्हैस एका दुपारी कुंपण मोडून आत आली आणि दोन नंबरच्या हौदात तोंड घालून पोट भरेपर्यंत प्यायली. मागून वहिनी काठी घेऊन धावत आल्या. "माझी म्हस मेली तर मी तुम्हाला सोडायची नाय!"

मॅडम घाबरल्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वहिनींच्या गोठ्यात जाऊन म्हशीची चौकशी. म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघायची.

चौथ्या दिवशी वहिनींनी सांगितलं, दूध दाट झालंय.

पाचव्या दिवशी म्हैस आपणहून गेटात हजर, मागे वहिनी. काठी घरीच. "काय करू ओ मॅडम, ती ऐकतच नाय!"

मॅडम खोटं लिहीत नसत. त्या तिमाहीच्या अहवालात पाणी कमी होण्याची कारणं द्यायची होती. पहिलं कारण बाष्पीभवन. दुसरं कारण म्हैस.

*

आता अब्बा. मॅडमचे वडील. सत्तरी ओलांडलेली, छाती दम्याने भरलेली. आयुष्यभर तांडेल म्हणून दुसऱ्यांच्या मोठ्या होड्या चालवल्या. स्वतःची म्हणून एक लहान होडी, तिला एक जुनं डिझेल इंजिन. पलीकडच्या काठाला त्यांची मोठी बहीण, आपा, राहायची. तिच्याकडे त्या होडीतून जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास उरला होता. मुलगा कुवेतला. तो दर फोनवर सांगायचा, होडी विका, डॉक्टर नको म्हणतात.

शुक्रवारी नमाज झाली की अब्बा आमच्या हौदांवर यायचे.

"नसरीन गो, एवढा समुद्र आहे, त्यात एवढं शेवाळ आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणाला तेल दिसलं नाय. तुला या डबक्यात दिसलं?"

"दिसलं, अब्बा."

"मग माझ्या होडीला पाज. आपाकडे जाऊन चहा पिऊन परत आणलंस, तर मानीन."

"आणीन."

"कधी?"

"तीन वर्षांत. प्रकल्प संपायच्या आत."

अब्बांनी माझ्याकडे बोट केलं. "विष्णू, तू साक्षीदार. तोवर होडी विकत नाय. त्या कुवेतवाल्याला सांगतो मी."

आणि खरंच त्यांनी ती तीन वर्षं ठेवली. दर पावसाआधी कुणाला तरी धरून वर ओढून घ्यायचे, माडाच्या झापांनी शाकारायचे. मॅडमच्या टेबलावर प्रकल्पाचे उद्देश लिहिलेला छापील कागद होता. त्यावर सात उद्देश होते. आठवा कुठे लिहिलेला नव्हता, पण आम्हाला दोघांना पाठ होता.

*

पुढचा किस्सा मी पुलावर कधी सांगितलेला नाही.

तिसऱ्या वर्षीचा मे महिना. तसं ऊन मिळालं नव्हतं कधी. सहाही हौद असे दाट की बोट बुडवलं तर नख दिसू नये. चार दिवसांवर काढणी आली होती. मॅडमनी हिशेब मांडला होता की एवढ्या तेलात होडी जाईल, येईल, आणि समितीला दाखवायलाही बाटलीभर उरेल.

त्याच आठवड्यात मॅडमचं पोट बिघडलं. दिवसभर उन्हात उभ्या राहायच्या आणि आमच्या आवारातल्या विहिरीचं पाणी तसंच प्यायच्या. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो, पाणी गढूळ होतं. मी उकळून देत होतो, पण त्या कुठलं ऐकतात!

अशात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडरचा डबा घेऊन आला. विहिरीतले जंतू मारायची पांढरी पावडर, आमच्याकडे सगळ्या विहिरींत टाकतात. तो एक वाटी टाकून निघाला.

मी त्याला हाक मारली. "अरे, आमच्या मॅडम आजारी आहेत. जरा हात सैल सोड."

"पाणी कमी आहे, काका. एक बस झाली."

"टाक रे. वर आणखी दोन टाक."

त्याने टाकल्या. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा पंप लावला आणि हौदांत आटलेलं पाणी भरून काढलं. पाच हौद भरले. सहाव्याला चीर गेली होती म्हणून त्यात पाणी सोडलं नाही.

दुपारी मी रंग सांगायला वाकलो आणि मला शब्द सापडेना. संध्याकाळपर्यंत पाचही हौद चिखलाच्या रंगाचे झाले.

जंतू मारायची पावडर. आणि आमच्या हौदांत काय होतं? जंतूच की! पण तीन वर्षं रोज सकाळी त्यांची विचारपूस करणारा मी, त्यांना जंतू म्हणतात हेच विसरून गेलो होतो. माझ्या लेखी ती घरातली पोरं होती. घरातल्या पोरांना पावडरीने काय होतं!

मला रात्री उमगलं. सकाळी सांगायचं ठरवून गेलो. मॅडम पाच नंबरच्या काठावर बसल्या होत्या, पाण्यात हात घालून. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही, म्हणून मग नाहीच.

सहाव्या हौदातलं पाणी घेऊन, विरजण लावतात तसे बाकीचे हौद पुन्हा लावले. पण वर जून आला. कोकणात चार महिने ऊन कुठून आणायचं?

*

मॅडमनी कारण शोधायला सगळं करून बघितलं. स्वतःच्या वह्या पुन्हा तपासल्या, मातीचे, पाण्याचे नमुने पाठवले. पण पाण्याचा नमुना घेतला तो पंधरा दिवसांनी. तोवर पावडरीचा मागमूस नव्हता. शेवटी संशय गॅसवर गेला. सिलिंडरमध्ये काहीतरी घाण असेल. मॅडमनी हसनभाईंना एका शब्दाने दुखावलं नाही, फक्त गॅस कोल्हापूरहून मागवायला लागल्या.

हसनभाई बाजारात भेटले की मान खाली घालायचे. त्यांचा सोडा अख्खी रत्नागिरी प्यायची, पण आमच्या पोरांना बाधला हे त्यांच्या मनाला लागलं.

गणपतीच्या सुमारास ते दुकान बंद करून मुंब्र्याला मुलीकडे राहायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी रिक्षाने आले. गेटाच्या आत काही आले नाहीत. मला बाहेर बोलावलं.

"विष्णू, तुझं नाक तिखट आहे. खरं सांग. माझ्या गॅसला वास येत होता का रे?"

"नाही हो, हसनभाई."

"अगदी खरं?"

"अगदी खरं."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. हसनभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "बस, बस," म्हणाले आणि रिक्षात बसले. या वेळी त्यांनी गेटात उभं राहून श्वास घेतला नाही.

वर्षभराने ते तिकडेच वारल्याची बातमी आली. ते वाक्य माझ्याकडेच राहिलं.

*

प्रकल्पाची मुदत वाढवायची की नाही, ते ठरवायला समिती आली. तेच कॅलिब्रेशनवाले साहेब आणि बरोबर आणखी तिघं. मॅडम दोन तास बोलल्या. धूर वाढतोय, डिझेल जमिनीतून कायमचं येणार नाही, हे जीव धुरावरच जगतात, त्यांना वेळ द्या.

त्यातल्या एकाने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "पण मॅडम, कोपऱ्यावरच्या पंपावर डिझेल मिळतंय की!"

मॅडम म्हणाल्या, "हो. आज मिळतंय."

मुदत वाढली नाही. साहेब जाताना मात्र माझ्यापाशी थांबले. हौदाकडे बघून हळूच विचारलं, "आजचा रंग कोणता?"

"आज ढग आहेत, साहेब. आज नका विचारू."

*

आणि आता शेवटचा.

दिवाळीला आठ दिवस होते. हौदांना कुलूप लागणार होतं, मॅडमना पुण्याला नोकरी मिळाली होती, आणि होडीला गिऱ्हाईक ठरलं होतं. सगळं मिळून तेल निघालं होतं ते एका काचेच्या बाटलीत, तेही गळ्यापर्यंत नाही. मॅडमनी आपल्या काचेच्या भांड्यांत त्यावर काय काय क्रिया करून ते इंजिनाजोगं केलं होतं. रंग मात्र हिरवा राहिला नव्हता, मधासारखा दिसायचा.

होडीत आम्ही तिघंच. अब्बांनी इंजिनाची टाकी सोडवून नळी धुऊन घेतली होती. डिझेलचा एक थेंब त्यात राहिलेला त्यांना नको होता. बाटली सलाइनसारखी उलटी करून बांबूला टांगली. हँडल मी मारलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा इंजिनाने धरलं!

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. अब्बांनी नाक वर करून धुराचा वास घेतला. डिझेलसारखा तो छातीत जाऊन बसत नव्हता. "नसरीन गो, हे इंजिन आहे की खानावळ? मासे तळल्यासारखा वास येतोय!"

आणि त्यांना खोकला आला नाही. ते त्यांनी आम्हाला दोनदा बोलून दाखवलं.

पलीकडच्या काठावर आपा पांढरी ओढणी घेऊन उभ्या होत्या. आम्ही निम्मी खाडी ओलांडली. मॅडमचे डोळे बाटलीवर. मधाची रेघ खाली खाली जात होती. मग नळीत एक बुडबुडा शिरला, इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते थांबलं.

एकदम फार शांत झालं. ओहोटी लागली होती. होडीचं तोंड हळूहळू समुद्राकडे वळायला लागलं.

मॅडम रिकाम्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "मे महिन्याची काढणी हाती लागली असती, तर जाऊन येऊन पुरलं असतं, अब्बा. माझंच कुठेतरी चुकलं. पाच महिने शोधतेय. काय चुकलं तेच सापडलं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, ते मी केलं. विहिरीत पावडर टाकायला लावली. तुमचं पोट बिघडलं होतं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी हौदांत सोडलं."

एवढं लांबलचक मी एका दमात कधी बोललो नव्हतो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे तोंड करून बसल्या. त्यांची पाठ तेवढी मला दिसत होती.

अब्बांनी विचारलं, "किती टाकलीस?"

"तीन वाट्या."

अब्बा वाकले. होडीच्या तळातून दोन वल्ही काढली. एक स्वतः घेतलं, दुसरं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग ओढ, मेल्या! आपाचा चहा निवतोय."

मी ओढायला लागलो. अब्बा चार हात मारायचे आणि दम लागला की थांबायचे, तेव्हा मी दोघांचं ओढायचो. थोड्या वेळाने मॅडम उठल्या, मागे गेल्या आणि सुकाणू धरलं. होडीचं तोंड पुन्हा काठाकडे वळलं.

आपा पाण्यात पाय घालून पुढे आल्या होत्या. त्यांनी होडीचा दोर धरला आणि तिथूनच ओरडल्या, "अगो, येत होतात ते बरं येत होतात! मधेच इंजिन कशाला बंद केलंत?"

मॅडम खाली उतरल्या, ओचा सावरला आणि म्हणाल्या, "काकांना वल्हवायचं होतं."